टाचणी लावलेली पानं

मित्रांनो, इस्त्रीवाल्या आजीच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझा संसार उधळला. लेक सासरी गेली आणि तिची पुस्तकं माहेरी राहिली. जादूची, पऱ्यांची, हळूच प्रेमात पडणाऱ्या माणसांची. बाकीची रद्दीत गेली. मी तेवढी उरले, कारण दुकानातलं इस्त्रीचं टेबल डुगडुगत होतं आणि त्याच्या पायाखाली सारायला मी नेमक्या जाडीची होते. मी एक जुनी कादंबरी आहे. माझं मुखपृष्ठ एका कोपऱ्यात दबलेलं दिसतं, ते तेव्हापासून.

माझ्या पोटात एक जुनी गोष्ट नव्याने सांगितलेली आहे. काटेरी रानात एक राजकन्या शंभर वर्षं झोपलेली असते. पण तिला उठवायला कुणी राजपुत्र येत नाही, ती आपली आपण उठते. रानाची राखण एक पंख जळालेला ड्रॅगन करतो आणि काटे छाटायला एक माळी असतो. एवढं सगळं पोटात घेऊन मी टेबलाखाली धूळ खात पडले होते. वर दिवसभर इस्त्री फिरायची आणि मला फक्त ऊब लागायची.

मग एकदा दुकानातला रेडिओ कायमचा मुका झाला. दुपार जाता जाईना. तेव्हा आजीच्या सुनेने टेबलाखाली लाकडाची चकती ठोकली, मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि वाचू का म्हणून विचारलं. आजी म्हणाली, वाच बापडे, हात माझे गुंतलेत, कान रिकामेच आहेत. आजीला अक्षरओळख नव्हती. कोणतं गाठोडं कुणाच्या घरचं हे ती कापडाच्या वासावरून सांगायची, त्यामुळे तिचं कधी अडलं नव्हतं.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. सून वाचायची, आजी इस्त्री करायची आणि आजोबा कोपऱ्यात स्टुलावर बसून गाठोडी बांधायचे. ड्रॅगनचा पंख जळाला तेव्हा आजीने इस्त्री उभी करून ठेवली आणि त्यावर काय लावलं असेल याची चौकशी केली. वाफेने माझी पानं गोळा व्हायची. मग संध्याकाळी आजी माझ्यावर पातळ कापड अंथरून कोमट इस्त्री फिरवायची. पुस्तकाला इस्त्री करणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. मी पाहिली आहेत.

पण एक अडचण होती. राजकन्या आणि माळी जवळ आले की सुनेचा आवाज अडखळायचा. सासूपुढे ते कसं वाचायचं? ती पान आधी चोरून बघायची, कॉलरची टाचणी घेऊन तेवढी पानं एकत्र टोचायची आणि म्हणायची, “मग ते दोघं बोलत बसले.” दर दोन दिवसांनी ते दोघं बोलत बसायचे. आजी एकदा म्हणाली, “फार बोलतात बाई ही माणसं. काटे कधी छाटतो तो?”

मला टाचण्या टोचायच्या, पण त्याहून जास्त टोचायचं ते न वाचलं जाणं.

आता त्या दुकानाची एक रीत सांगते. डाग राहिलेल्या, शिवण उसवलेल्या कपड्याला तिथे टाचणी लावत. टाचणी म्हणजे काम बाकी. टाचणी असलेला कपडा दुकानाबाहेर जायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. एका संध्याकाळी मला इस्त्री करताना आजीच्या बोटाला टाचणी लागली. मग दुसरी, मग तिसरी. तिने मला उजेडात धरलं आणि टोचलेली पानं बोटांनी चाचपली. आपल्यापासून काहीतरी बाकी ठेवलंय, हे तिला कळलं.

सुनेला विचारलं असतं तर ती लाजली असती. मुलाला विचारायची सोय नव्हती. म्हणून आजीने नातीला गाठलं. नातीला सगळे बारकी म्हणत. आजीने तिला सांगितलं की गाठोड्यांवरची नावं वाचता आली तर बरं पडेल. बारकी खूश झाली. ती शिंप्याच्या खडूने इस्त्रीच्या चादरीवर अक्षरं काढून द्यायची, आजी ती गिरवायची आणि गिऱ्हाईक आलं की झटकून टाकायची. म्हातारपणी जोडाक्षरं म्हणजे वाळलेले डाग, लवकर निघत नाहीत. आजी चिडायची, खडू फेकायची, पुन्हा उचलायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. डोळे जाण्याआधी ती पानं वाचायची, एवढीच तिची घाई होती. गाठोड्यांवरची नावं ती अजूनही वासानेच ओळखायची.

पावसाने गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी तिने पहिली टाचणी काढली. बोट ठेवून, एकेक शब्द फोडत ती मोठ्याने वाचू लागली. सुनेचा चेहरा लालबुंद झाला. आजोबा गाठ मारता मारता थांबले. त्या पानावर असं होतं की राजकन्येच्या केसांत काटा अडकलाय आणि माळी दोन पावलांवर उभा राहून विचारतो, ‘हात लावू का?’ ती जरा विचार करते आणि हो म्हणते.

“एवढंच?” आजी म्हणाली. “ह्याला टाचणी लावलीस?”

“आई, तुमच्यापुढे कसं वाचणार?”

“अगं, मला काय पोरं झाडाला लागली?”

सून हसली. आजी मात्र हसली नाही. तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाली, “विचारलं त्यानं. आधी विचारलं.” मग तिने मला मिटलं आणि थंड झालेली इस्त्री तशीच चादरीवर फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी आजोबा स्टुलावरून उठले आणि आजीसमोर येऊन उभे राहिले. जन्मभर त्यांनी खिडकी वाटेल तेव्हा उघडली होती, वाटेल तेव्हा लावली होती.

“खिडकी उघडू का?” त्यांनी विचारलं.

“उघडा की,” आजी म्हणाली. “विचारताय काय एवढं?” आणि तिने इस्त्रीवर पाण्याचा असा शिंतोडा मारला की वाफेत तिचं तोंड दिसेना.

पुढे आजीने एकेक टाचणी काढली आणि एकेक पान सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटची मात्र तशीच ठेवली. तिच्याखाली राजकन्येचं लग्न होतं. बारकीने कारण विचारलं, तर म्हणाली, काम बाकी असलेली वस्तू दुकानाबाहेर जात नाही.

त्याचा अर्थ मला फार पुढे कळला. नवं टेबल आलं, दुकानात आवराआवर झाली, रद्दीवाला तराजू घेऊन दारात आला. सुनेने मला ढिगावर ठेवलं. ठेवताना तिच्या बोटाला टाचणी लागली. तिने मला परत उचललं आणि इस्त्रीच्या फळीवर ठेवून दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला वाचता येत नसेल, तर त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या वाटची पानं गाळू नका. आणि आम्हाला ओलीत ठेवू नका. सगळ्यांच्याच नशिबी कोमट इस्त्री नसते.

टाचणी अजून आहे, थोडी गंजली आहे. आजोबा नवं टेबल आलं त्या वर्षी वारले. आजी बारकीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात वारली, दुपारी, खिडकी उघडी असताना.