सोडून गेलेल्या पाच जणी

दोघी जावा एकाच कंपनीचं साबण-क्रीम विकत आणि आपल्या हाताखाली नव्या विक्रेत्या जोडत. थोरलीनं अकरा वर्षं पायपीट करून माणसं जोडली होती. धाकटी दोन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली आली आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकून बघता बघता पुढे निघून गेली. चौदा हजार लोक तिला फॉलो करत. थोरलीला कॅमेऱ्याचं वावडं होतं.

तरी तीन महिन्यांत धाकटीनं जोडलेल्या सात जणींपैकी पाच सोडून गेल्या. तिला कारणच उमजेना.

"त्या पाच जणींशी शेवटचं कधी बोललीस?" भाजी निवडता निवडता थोरलीनं विचारलं.

"रोज ग्रुपवर मेसेज असतो की, ताई."

"तो मलाही येतो. मी बोलण्याचं विचारतेय."

धाकटी मोबाइल काढून मागचे मेसेज चाळू लागली.

"एकेकीला फोन लाव. मालाचं नाव काढू नकोस. का सोडलंत एवढंच विचार, आणि मग ऐकत राहा."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिनं पहिला फोन केला, कोपऱ्यावरच्या दुकानात इस्त्री करणाऱ्या बाईला. पलीकडून हॅलो येताच सवयीनं तोंडून निघालं, "नमस्कार माझ्या लाडक्या मैत्रिणींनो..."

"मी एकटीच आहे," पलीकडून उत्तर आलं.

धाकटीला आधी हसू आलं, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजारोंपुढे सुरळीत चालणारी जीभ एका बाईपुढे टाळ्याला चिकटली. "का सोडलंत?" एवढं तिनं कसंबसं विचारलं.

"तुम्हाला तीनदा लिहून विचारलं होतं," इस्त्रीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वाफेनं माझ्या हातांना भेगा पडतात, हे क्रीम चालेल का? तुम्ही तिन्ही वेळा लाल बदाम पाठवलात. मलाच उत्तर माहीत नाही, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

संध्याकाळी दोघी जावा त्या दुकानात गेल्या. आत उबट वाफ होती, शर्टांचे गठ्ठे होते आणि इस्त्रीवालीच्या बोटांवर बारीक लाल चिरा. इथे व्हिडिओ काय झकास होईल, हे धाकटीच्या मनात आलंच. हात पर्समध्ये गेलासुद्धा. तो तिनं रिकामाच बाहेर काढला आणि विचारलं, "फार झोंबतं का?"

बाई अर्धा तास बोलत होती. मध्येच बोलायची उबळ धाकटीनं चार-पाचदा गिळली. शेवटी म्हणाली, "भेगा भरेपर्यंत हे लावू नका. वासाचं क्रीम आहे, आग होईल. आधी डॉक्टरांना दाखवा."

विक्री हातची गेली. पण इस्त्रीवालीनंच चाचरत विचारलं, "मी पुन्हा विकायला लागते. पहिल्या घरी माझ्याबरोबर याल? एकटीला धीर होत नाही."

त्या घरच्या बाईंनी धाकटीला बघताच ओळखलं, "व्हिडिओवाल्या ना तुम्ही?" म्हणत आत बसवलं. पुढचं सगळं मात्र इस्त्रीवालीच बोलली, कारण त्या घरातल्या प्रत्येकाचे कपडे आणि दुखणी तिला ठाऊक होती.

पाचपैकी दोघी परतल्या. एकीनं फोनच उचलला नाही. धाकटी आता आठवड्याला तीनच व्हिडिओ टाकते, आलेल्या प्रश्नांना स्वतः उत्तरं लिहिते आणि रोज दोघींना तरी फोन करते. बघणारे निम्म्यावर आले. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात यंदा तिला स्टेजवर बोलावलं नाही. खोटं कशाला, दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी थोरली तिच्या खोलीत आली. तिची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परगावी चालली होती, तिथवर पाय पोचणार नव्हते.

"मला ते तुझं व्हिडिओचं शिकव," ती म्हणाली.

धाकटीनं फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला. "ह्या ठिपक्याकडे बघून बोला, ताई."

थोरलीनं पदर सारखा केला, ठिपक्याकडे बघत "कशा आहात?" म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहत थांबली.