आईचं चोविसावं श्राद्ध

केशवमामांनी भर पंगतीत कबूल केलं, की माझी आई त्यांची सख्खी बहीण होती. हे वाचलं असेल तर विसरा. असं काही घडलंच नाही. मामांचंही तेच म्हणणं आहे.

माझं माहेर रझाकारात गेलं, असं आई सांगायची. आजोबा, आजी, भाऊ, गाय, सगळं. बापही मान डोलवायचा. तो तीन वर्षांमागं वारला, आई गेल्या दिवाळीत, एकाहत्तर साली. मग तिच्या ट्रंकेत शाळेचा उर्दू दाखला सापडला. आमच्या गारखेड्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी वाचून दिला: प्रमोदिनी, सिल्लोड, जात ब्राह्मण. माझी आई चतुराबाई, पुंजाराम गायक्याची बायको. तिच्या भाकरीवरून तरी कधी संशय आला नव्हता.

चैत्रात सिल्लोडला गेलो. रझाकारात गेलेलं घर जागेवर होतं, चुलीवर खीर होती. दारात धोतरातला एक माणूस हैराण उभा. श्राद्धाला दोन ब्राह्मण सांगितलेले, एक आलाच नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यानं माझं तोंड न्याहाळलं आणि हात धरून पाटावर बसवलं. नाव विचारलं असतं तर सांडू गायके म्हणालो असतो, आणि गोष्ट तिथंच संपली असती.

शेजारच्या भटजींना हळूच विचारलं, कुणाचं श्राद्ध? म्हणाले, केशवरावांच्या धाकट्या बहिणीचं, प्रमोदिनीचं. अठ्ठेचाळीसच्या चैत्रात गेली, पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी. हे चोविसावं.

म्हणजे आई गारखेड्यात मला अंघोळ घालत होती तेव्हा इथं तिचे पिंड पडत होते. कुणब्याच्या पोराबरोबर पळाली म्हणून भावानं तिला मारलं, तिनं अख्खं माहेर मारलं. दोन्हीकडं जेवणं वेळेवर. खोटं गिळायला मधी मी एकटा. या हिशेबानं मी आई मेल्यावर दोन वर्षांनी जन्मलो. राग इतका आला की सहा वडे खाल्ले.

शेवटी मामांनी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?" पाटावरच्यानं झालो म्हणायचं असतं. त्याशिवाय श्राद्ध पुरं होत नाही, आणि सकाळपासून उपाशी यजमानाला जेवता येत नाही.

"नाही," मी म्हणालो.

खीर वाढली. नाही. आणखी वडे. नाही. मग दाखला काढून पानाशेजारी ठेवला.

"मी प्रमोदिनीचा मुलगा. ती दिवाळीत गेली. तोवर जिवंत होती म्हणा, मग तृप्त."

मामांनी दाखला पालथा घातला. भटजी दक्षिणेसाठी ताटकळले. आतून मामी म्हणाल्या, "अहो, म्हणा एकदाचं. नाक तिचंच आहे."

"होती बहीण," मामा म्हणाले. "जिवंत होती. आता म्हण."

"तृप्त झालो."

मामा पोटभर जेवले. ढेकर दिल्यावर भटजींना बजावलं, की पंगतीत काही बोलणं झालेलं नाही, आणि पुढच्या चैत्रात पंचविसाव्याला वेळेवर या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाळ, तू कोण?"

तरी मे. तहसीलदारसाहेब, सिल्लोड, यांस सविनय अर्ज, की माझी आई चैत्र १९४८ ते दिवाळी १९७१ या मुदतीत जिवंत होती असे पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर करावे, मधली तेवीस श्राद्धे रद्दबातल ठरवून जेवणारांस तसे लेखी कळवावे, व अर्जदाराच्या जन्मास कार्योत्तर मंजुरी द्यावी, ही विनंती.