सात वर्षांचा विमा

मिस्टर गार्साइड विम्याचा अर्ज घेऊन आले, तेव्हा अॅम्ब्रोज पेलिंगनं चहा करून ठेवला होता. पुतणी थर्झा मेंढ्यांचं दूध काढून तशीच आली होती. तिचीही सही लागणार होती, कारण पैसे मिळायचे ते तिलाच.

दोन वर्षांपूर्वी अॅम्ब्रोजनं लडलोमधलं जुन्या पुस्तकांचं दुकान इमारतीसकट विकलं आणि सगळी रक्कम थर्झाला देऊन टाकली. तिनं त्यातून चीजचा कारखाना काढला. देणारा त्यानंतर सात वर्षं जगला तर कराचा प्रश्न नव्हता. आधीच गेला, तर एवढ्या मोठ्या देणगीवरचा वारसा कर ती देणगी घेणाऱ्याला भरावा लागतो. थर्झाला तो सत्तर हजार पौंडांच्या आसपास पडला असता. नेमके तेवढेच तिच्याकडे उरले होते आणि सोमवारी ते शीतगृह बांधणाऱ्याला द्यायचे होते. म्हणून हा विमा.

"काका, वजन खरं सांग हं. कोटासकट नको."

"कोट काढला तर मी उरतो किती?"

गार्साइड हसले आणि लिहीत गेले. सिगारेट नाही. नाताळला थोडी शेरी. "गेल्या पाच वर्षांत हृदयाच्या डॉक्टरांना कधी दाखवलंय?"

"नाही," अॅम्ब्रोज म्हणाला.

मार्चमध्ये तो हेरफर्डच्या इस्पितळात दोन दिवस राहून आला होता. थर्झाला सांगितलं होतं, पुस्तकांच्या लिलावाला जातोय. तेव्हा मेंढ्या व्यायच्या होत्या, पोरीच्या डोळ्याला डोळा नव्हता. तिला कशाला त्रास, असं त्याला वाटलं. मग सांगायचं राहूनच गेलं.

थर्झानं सही केली. "सुटले बाई. आता सोमवारी बिनघोर पैसे देते."

"फक्त एक," गार्साइड अॅम्ब्रोजकडे पेन सरकवत म्हणाले. "दावा आला की कंपनी इस्पितळाचे कागद मागवते. एखादं उत्तर खोटं निघालं तर काही मिळत नाही. सगळ्यांनाच सांगावं लागतं हे."

अॅम्ब्रोजनं पेन उचललं. जन्मभर पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, याची त्याला लाज वाटली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"ते 'नाही' खोडा. मार्चमध्ये दाखवलंय."

मग गार्साइड हळूच म्हणाले, की अशा वेळी कंपनी बहुतेक नकारच देते. ते कागद गोळा करू लागले.

"किती म्हणाले डॉक्टर?" थर्झानं विचारलं.

"दोन वर्षं. सात भरायला अजून पाच हवीत, म्हणून मी..."

"कराचं नाही विचारत मी." तिचा आवाज चिरकला. "तीन पौंडांचं पुस्तक विकताना आत पेन्सिलीनं लिहायचास, काका. पान फाटलंय, कोपऱ्याला डाग आहे. गिऱ्हाईक फसू नये म्हणून. आणि मी कोण?"

अॅम्ब्रोजनं पेन गार्साइडकडे परत सरकवलं. चूक झाली, एवढं तरी म्हणायला हवं होतं.

थर्झानं फोन लावला. "सोमवारी माणसं पाठवू नका. हो, ठरलं होतं, माहीत आहे मला. पैसे बाजूला ठेवावे लागतायत."

पलीकडून विचारणा झाली, मग पुढच्या वर्षी धरू का? थर्झा फोन कानाला लावून काकाकडे बघत राहिली.