केरबाचं नाव

मच्छिंद्र हवालदाराकडे लढाईच्या तीन गोष्टी होत्या आणि कारेगावच्या आसपासच्या प्रत्येक माणसानं त्या किमान चार वेळा ऐकल्या होत्या. फौजेतून सुटल्यावर तो रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर बसायचा. बसला उशीर झाला की कामगारच विचारायचे, "आबा, आज कुठली? नदीची का रणगाड्याची?" तिसरी गोष्ट केरबाची. ती सांगताना मात्र हवालदार समोरच्याकडे बघत नसे.

केरबा त्याच्याच बौद्धवस्तीतला. दोघं एका दिवशी भरती झाले, पासष्टच्या लढाईत सरहद्दीवर एका तुकडीत होते. पुढच्या चौकीसाठी साहेबानं स्वखुशीचे गडी मागितले, तेव्हा केरबा छाती काढून पुढं झाला आणि परत आला नाही. एवढीच गोष्ट.

पंचायतीला चौतीस वर्षांत केरबाची आठवण किती वेळा झाली, याचा हिशेब सोपा होता: एकदाही नाही. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं, निवडणूकही तोंडावर आली आणि सरपंच बापूसाहेबांना केरबा एकदम आठवला. शाळेपुढं चौथरा झाला, त्यावर केरबाच्या नावाचा दगड बसला. पंधरा ऑगस्टला उद्घाटन ठरलं. हार केरबाच्या बायकोनं घालायचा होता आणि नेमकी तीच म्हणाली, "मी येणार न्हाई."

"हवालदार, अंजनाबाई तुमची मानलेली बहीण," बापूसाहेब म्हणाले. "तिच्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून तुम्हीच उभे. तुमचा शब्द मोडायची न्हाई ती. तेवढं जमवा."

हवालदार तिच्या दाराशी गेला तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिनं पाट सरकवला.

"बापूसाहेबांनी धाडलं व्हय? मग चहा घ्या आन् जा. दादा, पोटुशी होते मी. रजा मंजूर झाली, बाळंतपणाला येतो, असं कळवलं हुतं त्यांनी. आन् मागनं पत्र काय, तर मी माझ्या मर्जीनं पुढं चाललोय. मर्जीनं! ज्यानं मर्जीनं बायको सोडली, त्याला मी हार घालू?"

आता या माणसापुढं दोन वाटा होत्या. गप्प बसला, तर बहीण राहत होती; पण तिचा नवरा तिच्या लेखी दगाबाजच राहत होता. बोलला, तर नवरा सुटत होता आणि बहीण जात होती. चौतीस वर्षं त्यानं पहिली वाट धरली होती. ती सोयीची होती.

"अंजना, तो पुढं झाला न्हाई," तो म्हणाला. "तो नळावर कपडे धूत हुता."

शेंगा फोडणारा हात थांबला.

"आपल्याकडं रस्त्याच्या कामावर मुकादम नावं घ्यायचा, आठवतंय? जो आधी पोचंल तो सगळ्या आळीची नावं सांगायचा. दुसऱ्या दिशी गडी न्हाई आला, तर न्हाई आला. मला तीच सवय. साहेबानं विचारलं, मी माझं नाव दिलं, आन् लगेच त्याचं दिलं. त्याची रजा मंजूर हुती, ते ध्यानातबी आलं न्हाई. तिथं लिहिलेलं नाव खोडत न्हाईत, हे मला नंतर कळलं. मला निघायच्या आदल्या दिशी ताप भरला. मी दवाखान्यात, तो चौकीवर."

"आन् पत्र?"

"त्याची पत्रं मीच लिहायचो."

"ते ठावं हाय. अक्षर तुमचं. पण बोल त्यांचे असायचे ना?"

"त्या येळचे न्हाई. त्यो म्हणाला, जे लिहायचं ते तूच लिही. तुझं नाव पुढं करणार न्हाई, पर अंजीला खोटं सांगायला मला जमणार न्हाई."

तिनं सुपातली मूठभर टरफलं उचलून बाजूला टाकली.

"रोज भांडले मी त्यांच्याशी," ती म्हणाली. "रोज, दादा. पोरीला बापाचं नाव काढू दिलं न्हाई."

सूप बाजूला सारून ती उठली.

"मी येते," ती म्हणाली. "पर हे माइकवर सांगायचं. सगळ्यांपुढं."

पंधरा ऑगस्टला त्यानं सांगितलं. नळ, रजा, मुकादम, पत्र, सगळं सांगितलं. कुठं रंग भरला नाही. इतकं वाईट भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं. थोडा वेळ कुणाला काही कळेना. मग बापूसाहेबांनी माइक ओढून घेतला. "बघा मंडळी, फौजी माणसाचा मोठेपणा! मित्राच्या मरणाचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतोय!" टाळ्या पडल्या. शाळेची पोरं तर थांबेचनात. हवालदार हात हलवून नाही नाही म्हणत होता आणि तो जसजसा नाही म्हणे, तसतशा टाळ्या वाढत होत्या.

पहिल्या रांगेत फक्त अंजनाबाई आणि तिची लेक हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अंजनाबाईनं हार घातला, दगडावरून एकदा हात फिरवला आणि लेकीला घेऊन निघाली. तो मागोमाग गेला.

"अंजना, मी सांगितलं गं. ते लोकच..."

"ऐकलं मी. तुमचं खरं हुतं." ती चालतच होती. "पर आता घराकडं येऊ नका, दादा. थोडे दिवस."

"किती?"

ती पोरीचा हात धरून रस्ता ओलांडायला उभी राहिली होती. मधून कंपनीची बस गेली, मागोमाग एक ट्रक गेला. रस्ता मोकळा झाला तेव्हा त्या दोघी पलीकडे पोचल्या होत्या.