वेगळंच लागतंय हं

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या खाडीकाठच्या तिन्ही चर्चमधल्या लोकांचं मत आहे. असू दे. खोटं नाहीच ते. म्हणून तर या हिवाळ्यात स्वयंपाकाचा वर्ग सुरू करायचं ठरलं, तेव्हा आमच्या धर्मगुरू मदर जोसलिन यांनी मला आधी बाजूला घेतलं.

"मिस हेस्टर, शिकवायचं तुम्हीच. पण मला एक वचन द्या. कुणाच्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत. बिचारे आधीच एकटे पडलेत. धीर द्यायचा, बस्स."

"आणि पदार्थ फेकून द्यायच्या लायकीचा निघाला तर?"

"तर हसायचं."

दिलं वचन. काय करणार? आमच्या तिन्ही चर्चना मिळून ही एकच धर्मगुरू. इकडून तिकडे पळून पळून बाईंच्या गाडीची पार वाट लागलीय. एकत्र येऊन गावासाठी काहीतरी करा, हे खूळ त्यांचंच. नाहीतर ही तीन चर्च एकमेकांचं तोंड बघायची ते फक्त कुणाच्या अंत्यविधीला. आता ऑल सेंट्सवाले कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात कामाला आलेल्या ग्वाटेमालाच्या बायकांना इंग्रजी शिकवतात. होली क्रॉसवाले म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवतात. आणि ज्यांच्या घरातलं रांधणारं माणूस गेलंय, किंवा सोडून गेलंय, त्यांना आमच्या सेंट स्टीफनच्या हॉलमध्ये मी स्वयंपाक शिकवते. तिन्हीकडचे लोक येतात आणि वर्ग संपला की केलेलं सगळे मिळून खातात.

तर खाण्याचीच गोष्ट आहे. आमच्या लोकांची एक खोड आहे. आमच्या एपिस्कोपल पंथाचा माणूस मरेल, पण तोंडावर वाईट बोलणार नाही. पदार्थ बिघडला की म्हणणार, "वेगळंच लागतंय हं!" त्याहून बिघडला तर, "अगं बाई, किती मेहनत घेतलीस!" आणि घास घशाखाली उतरतच नसेल, तर गोड हसून विचारणार, "थोडं घरी नेऊ का डब्यातून?" तो डबा पुढे पुलावरून खाडीत रिकामा होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्यानं रांधलं, त्याला तेवढं नसतं.

आमच्या वर्गात कॅप्टन एमस डॅशिएल यायचा. जन्मभर या खाडीतून कालवं काढली त्यानं. भरती कधी, ओहोटी कधी, हे त्याला खिडकीतून न बघता कळतं. पण अंडं उकडायचं म्हटलं की हातपाय गळायचे. आयुष्यभर त्यानं बायकोच्या, लॉटीच्या, हातचं खाल्लं आणि वर तिची बोलणीही खाल्ली. बूट बाहेर काढ, टोपी काढ, घोरू नकोस, चमचा असा धरतात का. लॉटीचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. गेल्या ईस्टरनंतर लॉटी गेली आणि एमस दोन्ही वेळा कॉर्नफ्लेक्सवर आला.

नाताळात त्याची लेक कोरिन लांबच्या कोलंबस शहरातून आली. तिनं बापाचा फ्रिज उघडला, बंद केला, आणि ओसरीवर जाऊन रडली. जाताना सांगून गेली, "डॅडी, उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, पॅनकेकच्या मंगळवारी, मी परत येणार. तोवर तुमचं खाण्यापिण्याचं असंच असेल, तर मी तुम्हाला घेऊनच जाणार." तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे म्हणे. जेवण आयतं, नर्स दाराशी. घर विकायचं, होडी विकायची.

"जागा चांगली असेल गं, हेस्टर," एमस मला म्हणाला. "पण तिथं खाडी नाही. भरती आली हे मला कळणार कशावरून?"

म्हणून तो वर्गात आला. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, मला दुसरंतिसरं काही नको, लॉटीचं चिकन-डम्पलिंग शिकव. आमच्या इकडे डम्पलिंग म्हणजे गोळे नव्हेत. मैद्याची पातळ पोळी लाटायची, पट्ट्या कापायच्या आणि कोंबडीच्या रश्शात शिजवायच्या. त्यानं केलेल्या पट्ट्या बाहेरून लगदा आणि आतून कच्चं पीठ. रस्सा खाली करपलेला, मिठाचा पत्ता नाही. मी एक चमचा तोंडात घातला आणि मदर जोसलिनकडे बघितलं. त्यांनी डोळे वटारले. मी हसले.

"वेगळंच लागतंय हं, कॅप्टन!" होली क्रॉसचा व्हर्जिल म्हणाला. हा तिथे ऑर्गन वाजवतो. त्याची बायको त्याला सोडून गेलीय.

"किती मेहनत घेतलीत!" ऑल सेंट्सची मार्गरीट म्हणाली. ही मला मदत करायला यायची आणि दर वेळी लिंबाच्या वड्या आणायची. "मी थोडं घरी नेऊ?"

झालं. एका पाठोपाठ एक डबे पुढे आले. पातेलं रिकामं झालं. एमसचा चेहरा असा फुलला की काय सांगू! घरी जाऊन त्यानं कोरिनला फोन केला. "पोरी, लोकांनी डबे भरभरून नेलं!"

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मी म्हणायची, "एमस, मीठ घालून बघ ना जरा," तर म्हणायचा, "कशाला? लोकांना असंच आवडतं." खरं काय ते सांगून टाकावंसं वाटायचं. पण वचन दिलं होतं ना! कर्म माझं.

मग एकदा वर्ग संपल्यावर आम्ही दोघं भांडी घासत होतो. एमस म्हणाला, "मी ठरवलंय. कोरिन येईल त्या मंगळवारी इथंच, सगळ्यांसमोर, तिला माझ्या हातचं वाढायचं. लोक कौतुक करतातच. तिच्या कानांनी ऐकू दे. मग बघू कशी नेते मला."

माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. वचन गेलं खड्ड्यात.

"एमस, ते खायच्या लायकीचं नाही."

"काय?"

"तुझं डम्पलिंग. कधीच नव्हतं. हे सगळे खोटारडे आहेत. व्हर्जिलला डबा पुलावरून ओतताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. सीगल पक्ष्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही."

एमसनं नळ बंद केला. हात पुसले, टोपी घातली आणि निघून गेला. ते बघून मला इतकं वाईट वाटलं! लोकांचं काय, त्या मंगळवारनंतर त्याला निरोप द्यायला जमले असते. मी मात्र आजच त्याला हाकललं होतं. मी तशीच मदर जोसलिनकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"माझा डबा मी गाडीच्या डिकीत विसरले होते," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली. एमस उभा. बगलेत कागदात गुंडाळलेली कोंबडी.

"बोल," तो म्हणाला. "काय काय चुकतं ते सगळं सांग. एकही सोडू नकोस."

मग मी कशाला सोडते! आच मोठी ठेवतोस, झाकण सारखं उघडतोस, पीठ मळतोस की त्याच्यावर सूड उगवतोस, रस्सा ढवळायला काय वल्हं लागतं का? मी तोंड सोडलं होतं आणि हा बाबा कानापासून कानापर्यंत हसत होता.

"हसतोस काय मेल्या?"

"लॉटी गेल्यापासून मला कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही, हेस्टर," तो म्हणाला. "सगळे आजाऱ्याशी बोलतात तसं बोलतात. कोरिनसुद्धा. छान डॅडी, मस्त डॅडी. मला वाटायला लागलं होतं, लॉटीबरोबर मीही गेलो की काय."

मला रडू आलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि समोरच असलेला पिठाचा डबा शोधत बसले.

त्या दिवसापासून रोज शिकवणी. तो लाटायचा, मी ओरडायची. पुढच्या वर्गात तर त्यानं कमालच केली. सगळे जेवायला बसले तेव्हा उभा राहिला. "मंडळी, डबे आत ठेवा. माझी लेक येतेय आणि माझं घर पणाला लागलंय. आज जो खोटं कौतुक करेल, त्याला मी होडीत बसवून खाडीच्या मध्यावर सोडीन."

कुणी चमचा हलवेना. शेवटी व्हर्जिल चाचरत म्हणाला, "कॅप्टन, पीठ... म्हणजे... अजून जरासं कच्चं आहे."

"शाब्बास! अजून?"

"मिरी हवी," कुणीतरी म्हणालं. "रस्सा पाणचट आहे," दुसरं कुणी. एकदा भीड चेपली आणि मग काय विचारता! व्हर्जिलला चेव चढला. तो मार्गरीटला म्हणाला, "आता निघालंच आहे तर सांगतो, तुझ्या लिंबाच्या वड्या फोडायला हातोडी लागते." मार्गरीट लालबुंद झाली. "आणि तू ऑर्गन वाजवतोस तो? इतका संथ! अंत्यविधीला मेलेला माणूससुद्धा कंटाळून उठेल!" लोक पोट धरधरून हसायला लागले. मीही हसत होते, तेवढ्यात मदर जोसलिन माझ्याकडे वळल्या.

"मिस हेस्टर, तुमची कॉफी."

"माझ्या कॉफीला काय झालंय?"

"कप विसळलेलं पाणी लागतं," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

इतकी वर्षं दर रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी मीच करते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एमस मात्र टेबलावर डोकं टेकून हसत होता. लॉटी गेल्यावर मी त्याला पहिल्यांदाच असं हसताना पाहिलं, म्हणून म्हटलं जाऊ दे.

मंगळवार आला. दुसऱ्या दिवसापासून उपासाचे दिवस, म्हणून तिन्ही चर्चची माणसं पॅनकेक खायला लोटली होती. पॅनकेक भाजायचे ते पुरुषांनीच, असा आमच्याकडे रिवाज आहे. व्हर्जिल ॲप्रन घालून तव्यापुढे उभा होता. कोरिन थेट विमानतळावरून आली, थकलेली. मी तिच्या हातात कॉफी दिली. या वेळी मी भुकटी दुप्पट घातली होती. तिनं एक घोट घेतला, डोळे मिचकावले आणि गोड हसली.

"वेगळीच लागतेय हं, मिस हेस्टर!"

ही पोर याच हॉलमध्ये वाढलेली. हिला कुणी सांगितलं होतं, इथं आता नवी रीत आलीय म्हणून?

एमसनं वाडगा तिच्यापुढे ठेवला. हॉलमधली बडबड थांबली. कोरिननं एक चमचा खाल्ला. मग दुसरा. तिनं बापाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "डॅडी, किती मेहनत घेतलीत!"

एमसचा चेहरा पडला. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मला तर उठून त्या पोरीचा कान पिळावासा वाटला.

"कोरिन," एमस म्हणाला, "मी आजारी नाही. खरं सांग. तुझी आई सांगायची तसं."

कोरिननं आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मग खाली मान घालून तिसरा चमचा घेतला, नीट, चावून चावून.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"बरं."

"पट्ट्या जाड आहेत. आईच्या पट्टीतून पलीकडचं दिसायचं."

"अजून?"

"अजून म्हणजे काय, मिरी कुठंय? आणि हे टेबलावर ठेवताना टोपी काढायची नाही का? किती वेळा सांगायची आई तुम्हाला!" तिचा आवाज चढला होता. हुबेहूब लॉटी. एमसनं चटकन टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला. कोरिन रडत होती आणि खातही होती, दोन्ही एकदम. वाडगा पुसून संपवून तिनं तो पुढे सरकवला. "पुढच्या वेळी मीठ अर्धं घाला."

"पुढच्या वेळी?" एमसनं विचारलं. "कुठं? कोलंबसला?"

"कोलंबसला कशाला?" ती नाक पुसत म्हणाली. "जूनमध्ये मुलांना घेऊन येणार आहे मी. इथं. आपल्या घरी. आता बघत काय उभे राहिलात, वाढा की अजून!"

हॉलमध्ये असा गलका झाला की व्हर्जिलचा पॅनकेक तव्याऐवजी मदर जोसलिनच्या खांद्यावर पडला. मार्गरीट माझ्या गळ्यात पडून रडली. या बाईशी मी कधी धड बोलले नव्हते, तिलाही मी घट्ट धरलं.

एमस वाडगा घेऊन आत गेला तो येईचना, म्हणून मी बघायला गेले. पातेल्यापुढे पळी हातात घेऊन उभा होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा, जणू पोरगं परीक्षेत पहिलं आलंय.

"मीठ जास्त झालं म्हणे, लॉटी," तो पातेल्याकडे बघून सांगत होता. "पट्ट्या जाड झाल्या म्हणे."

"एमस, वाढ लवकर," मी म्हटलं. "पोर ताटकळलीय."