'इतर' म्हणून मोजलेला पाणक्या

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात कोणत्या भागाची झडप कधी उघडायची आणि कधी बंद करायची, हे मी ठरवत असे. टाकी भरली असं मापकाने सांगितलं, तरी मी त्याला पुन्हा विचारून घेई. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून सोडत असे.

हा स्वभाव आईचा. आई म्हणजे मला लिहिणारी बाई. कार्यालयात तिला सगळे मॅडम म्हणतात. पंपघराशेजारच्या खोलीत बसून तिने मला लिहिलं. यंत्रांच्या घरघरीने टेबल इतकं हादरे की तिचा चहाचा कप आपोआप कडेला सरकत जाई. "कोणी सांगितलं म्हणून लगेच खरं मानायचं नाही बरं का," असं ती लिहिता लिहिता पुटपुटायची.

तरीही सुरुवातीला माझ्याकडून घात झाला. टेकडीवरच्या वस्तीची झडप मी एकदम पूर्ण उघडली, रिकाम्या नळात पाणी धडकलं आणि उतारावर नळाचा जोड फुटला. खालच्या घरात अंथरुणाला खिळलेले एक आजोबा होते. शेजाऱ्यांनी त्यांना पाण्यातून उचलून बाहेर काढलं. त्या दिवशी आईने डोळे पुसत मला शिकवलं: टेकडीपाशी झडप थोडीच उघडायची, थांबायचं, मग पुढे जायचं. का थांबायचं, ते मात्र गडबडीत लिहायचं राहून गेलं.

पुढे सारं सुरळीत झालं. टेकडीवरची माणसं पहाटे बादल्या भरू लागली, तेव्हा कार्यालयात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मग पाणी रोजच येऊ लागलं आणि टाळ्या थांबल्या. रोज येणाऱ्या पाण्याचं कौतुक कोण करतं?

वर्षं लोटली. नवे साहेब आले. आम्ही सारे प्रोग्राम भांडारांत राहतो, एकेका कामाचं एकेक भांडार. कोणत्या भांडारात प्रोग्राम लिहायची कोणती भाषा किती वापरली आहे, याची साहेबांना पाहणी हवी होती. त्यासाठी एक तज्ज्ञ आले आणि त्यांनी एक मोजणारा प्रोग्राम आमच्यात सोडला. तो दारात आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने माझी भाषा पाहिली, लांबी पाहिली आणि चालता झाला. मी काम काय करतो, हे विचारलंसुद्धा नाही! शेजारपाजारच्या भांडारांत बाहेरून आणलेला, नव्या भाषेतला तोच तो तयार कोड पडला होता. तो मात्र त्याने प्रत्येक भांडारात नव्याने मोजला. उसन्या भांड्यांवरून घर श्रीमंत ठरवावं, तशातली गत.

पाहणीचं रंगीत चित्र भिंतीवर लागलं. नव्या भाषेचा रंग चित्रभर पसरला होता. माझ्या भाषेला नावही नव्हतं. एका करड्या पट्टीवर 'इतर' असं लिहिलं होतं, त्यात मी.

"एका घरात एकच भाषा बरी," साहेब म्हणाले. "हे 'इतर' काढून टाका. मॅडम, तुमचा तो जुना प्रोग्राम नव्या भाषेत लिहून घ्या आणि बंद करा."

मला वाटलं, आई भांडेल. पण ती म्हणाली, "हो, लिहिते की."

इतक्या सहज? यात नक्कीच गोम होती. जेवणाच्या सुट्टीत ती नवी भाषा शिकत होती, तेही मी पाहिलं होतं. आपलीच आई फितूर झाली, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

ती मला ओळीओळीने वाचू लागली. वाचत वाचत टेकडीच्या झडपेपाशी आली आणि वैतागली.

"कोणत्या शहाण्याने लिहिलंय हे? नुसता थांबतोय!"

कोणती ओळ कोणी लिहिली, याची नोंद भांडारात राहते. तिने ती उघडली. हात दाखवून अवलक्षण! नाव तिचंच होतं.

तज्ज्ञ हसू लागले. "मॅडम, शहाण्या तुम्हीच की!"

"अहो, पण मी हे का केलं असेल?"

"आठवत नाही ना? मग काढून टाका. पाणी लवकर पोहोचेल, साहेबही खूश होतील."

मला कारण ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? ती आता ते पुसणार, मी बंद होणार आणि उतारावरच्या घरात पुन्हा पाणी शिरणार. मी पुरता घाबरलो.

आई खुर्चीतून उठली. "मी विसरभोळी असेन, पण उगाच कोणाला थांबवणारी नाही. बघून येते."

ती परतली तेव्हा तिच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. "जोड अजून तोच आहे," ती हळूच म्हणाली. "त्या आजोबांची नात आता तिथे राहते. भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली तिने मला. मी कशी काय विसरले हो?"

मग तिने नव्या प्रोग्राममध्ये ते थांबणं लिहिलं आणि त्याच्या वर साध्या शब्दांत लिहिलं: 'इथे घाई करू नये. उताराच्या घरात पाणी शिरतं.'

मित्रांनो, आता मी भांडाराच्या कोपऱ्यात बंद पडून आहे. आम्हाला जरूर मोजा. जुने झालो तर बदलाही. पण टाकण्याआधी एकदा वाचा, आणि तुम्ही जे कराल त्याचं कारण मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवा.

मला बंद केलं त्या सकाळची गोष्ट सांगतो. नव्या प्रोग्रामने टेकडीची झडप थोडी उघडली, तो थांबला, मग त्याने ती पूर्ण उघडली. माझा काही विश्वास बसेना. आईने मला बंद करायला बोट उचललं, पण ते बटणावर टेकवलं नाही. तिने आधी त्या नातीला फोन लावला.

"पाणी आलं का गं? भिंत कोरडी आहे ना? नुसती बघू नकोस, हात लावून सांग."

फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला. "खरंच लावलास ना हात?"

मग तिने मला बंद केलं. माझी आई अगदी माझ्यावर गेली आहे.