न जोडलेला भाग

चैत्रातला उजेड आधी विहिरीच्या कठड्यावर आला. कसलीच घाई नसल्यासारखा तो दगडांच्या फटींत रेंगाळला, मोटारीच्या पत्र्याच्या पेटीवरून खाली उतरला, पाइपाच्या सांध्याला लोंबणाऱ्या थेंबात क्षणभर थांबला आणि मग वावरात पसरला. रोजचाच उजेड, लिंबाच्या पानाला आणि शेणाच्या गोळ्याला सारखाच लागणारा. झुंबरबाईंच्या वावरात मात्र त्याला जमीन सापडेना. तिथे पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात उपटून, पातीसकट वाळत घातलेला कांदा होता.

झिशान बांधावर उभा राहून उजेडाकडेच पाहत होता. माणसांकडे पाहवत नव्हतं.

शिरूरजवळच्या या सामाईक विहिरीवर पाळीने पाणी घेतात. कुणाच्या पाळीला मोटार सुरू व्हावी, कुणाच्या वावराचा व्हॉल्व्ह उघडावा, हे सांभाळणारं ॲप झिशानने बांधलं होतं. मधोमध एक लहान, घट्ट गाभा आणि त्याभोवती हवे ते भाग जोडण्याच्या जागा. गाभ्याला हात न लावता कुणीही नवा भाग बसवावा, अशी त्याची रचना. पाबळला त्याच्याबरोबर शिकलेली दौंडची स्नेहल असे भाग लिहून पाठवी.

शेवटचा भाग पाळी देण्याचा होता. ज्याला पाणी नको असतं तो शेजाऱ्याला म्हणतो, 'या खेपेला तुम्ही घ्या,' आणि मग तो शब्द मोडत नाहीत. त्या भागासोबत स्नेहलने कळवलं होतं : 'पाळी ज्याची त्याचीच, असं तुझा गाभा धरून चालतो. तेवढं बदललंस तरच हे बसेल.'

ते वाक्य त्याला लागलं. गाभा निर्दोष आहे, तिचाच भाग कच्चा आहे, असं त्याने मनाशी घट्ट धरलं. पडद्यावर पाळी देण्याचं बटण तेवढं ठेवलं. त्यामागे काहीच जोडलं नाही. तिने विचारलं तेव्हा मात्र 'जोडला' म्हणाला.

कांदा काढल्यावर झुंबरबाईंनी ते बटण दाबून आपली पाळी झिशानच्या मामूंना, सिद्दीकमामांना, दिली होती. पहाटे वीज आली, मोटार सुरू झाली आणि पाणी झुंबरबाईंच्याच वावरात शिरलं.

"काढलेल्या कांद्याला न्हाऊ घालणारं हे पहिलंच यंत्र म्हणायचं," चिखलातून कांदा वेचत झुंबरबाई म्हणाल्या. "आता तेवढं उटणं लावाया सांगा त्याला."

"मी सायकलवर येऊन मोटारीचं बटन दाबायचो, तवा असं कवा झालं न्हाई," मामू म्हणाले.

निरोप मिळताच निघालेली स्नेहल चौफुल्याला एसटी बदलून, उन्हं चढल्यावर पोचली. चपला बांधावर काढून ती थेट चिखलात उतरली.

"मावशी, माझंच चुकलं. पाळी द्यायचा भाग मी लिहिलाय. घरी तपासला तेव्हा नीट चालत होता, पण... झिशान, जोडल्यावर तू एकदा चालवून पाहिला होतास ना?"

तो पुन्हा उजेडाकडे पाहू लागला. ती आपल्यावरची दया समजून तिने मान खाली घातली.

"असूं दे, पोरी," मामू म्हणाले. मग झिशानकडे वळून, तिला ऐकू जाईल इतपतच हळू, "हिचं काय बी घालू नगंस आता त्यात. तुझं एकट्याचं ऱ्हाऊ दे. ते तर ब्येस चालतंय."

किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. स्नेहलच्या हातातल्या कांद्यावरून चिखल ओघळत होता आणि ती तो ओढणीनं पुसत होती, जणू तो पुसला की कांदा टिकणारच होता.

"मामू," झिशान म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "हिचा भाग मी जोडलाच न्हाई. बटन नुसतं दिसाया ठिवलंय."

झुंबरबाईंचे हात थांबले. "आन् ही मघाधरनं माफी मागतिया, ते ऐकत हुबा ऱ्हायलास व्हय?"

"व्हय, मावशी."

स्नेहलने वर पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "का?"

त्याला पुष्कळ कारणं ठाऊक होती. महिनाभर त्यानेच ती रचली होती. ती सगळी त्याने बाजूला ठेवली.

"तुझा भाग बरोबर होता," तो म्हणाला. "चूक माझ्या गाभ्यात होती."